स्टेटमेंटमध्ये अनोळखी सबस्क्रिप्शनचे पैसे कट झालेत? शोध असा घ्या

स्टेटमेंटमध्ये एक ओळ दिसते. नाव कधी ऐकलेलं नसतं, रक्कम सातशे-बाराशे-दोन हजारांच्या घरातली असते आणि पहिला विचार येतो तो कार्ड ब्लॉक करण्याचा. बहुतेक वेळा ही घाई अंगाशी येते. कार्ड बंद झालं की त्याच कार्डावर लावलेलं वीजबिल, विम्याचा हप्ता, मोबाइलचं बिल हे सगळं अडकतं. आणि ते अनोळखी सबस्क्रिप्शन यूपीआयवरून जात असेल, तर कार्ड ब्लॉक करूनही पुढच्या महिन्यात पैसे पुन्हा कापले जातात. म्हणून आधी पैसे कोणत्या वाटेने गेले ते पाहायचं, मग कोणी घेतले ते, आणि त्यानंतर ठरवायचं की नुसतं बंद करायचं, परतावा मागायचा की बँकेत तक्रार करायची.

याला एक अपवाद आहे. एकाच दिवशी अशा दोन-तीन ओळी असतील, न मागता ओटीपी आले असतील, किंवा आधी एक-दोन रुपयांची नोंद आणि काही मिनिटांत मोठी रक्कम गेली असेल, तर शोधाशोध नंतर. आधी बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करा आणि थेट शेवटच्या भागाकडे जा.

ओळ पूर्ण मिळवा

पासबुकावर छापलेली ओळ कामाची नाही. प्रिंटरला बसतील तेवढीच अक्षरं उमटतात आणि नेमका हवा तो भाग तुटतो. नेटबँकिंगमध्ये त्या व्यवहाराचा तपशील उघडा किंवा त्या महिन्याचं पीडीएफ स्टेटमेंट उतरवून घ्या. बँकेचा एसएमएसही शोधून काढा. त्यात आणि स्टेटमेंटमध्ये नाव थोडं वेगळं असू शकतं आणि दोन्ही समोर ठेवली की बऱ्याचदा कोडं तिथेच सुटतं. खातं जॉइंट असेल तर कार्डाचे शेवटचे चार अंक आधी बघा. घरातल्या दुसऱ्या कार्डाचा व्यवहार आपला समजून अर्धा दिवस घालवणारे कमी नाहीत.

आता ती ओळ इतकी विचित्र का दिसते ते. कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराच्या नावाला जागा मिळते जेमतेम २२ ते २५ अक्षरांची. पुढे शहरासाठी १३ आणि देशासाठी दोन. एवढ्यात कंपनी, उत्पादन आणि कधी कधी ग्राहकसेवेचा फोन किंवा वेबसाइटसुद्धा कोंबलेली असते. ऑनलाइन व्यवहारात शहराच्या जागी फोन नंबर दिसला तर तो याच कारणाने.

ओळीत तारा, म्हणजे * हे चिन्ह, आहे का पाहा. असेल तर साधारण नियम असा: ताऱ्याच्या डावीकडे पैसे गोळा करणारा, उजवीकडे ज्याचा माल आहे तो. ‘गूगल’, तारा आणि पुढे ॲपचं नाव, असं दिसलं तर खरेदी प्ले स्टोअरवरून झाली आहे. ‘एमएसएफटी’ म्हणजे मायक्रोसॉफ्ट. ‘पेपाल’ आणि पुढे नाव असेल तर विक्रेता परदेशी असणार, कारण पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली आहे. ॲपल मात्र ॲपचं नाव सांगतच नाही. ‘ॲपल डॉट कॉम स्लॅश बिल’ एवढंच येतं, आणि दोन-तीन खरेद्या एकत्र करून एकच रक्कमही कापली जाऊ शकते. त्यामुळे ₹७५ अधिक ₹२१९ अशी बेरीज ₹२९४ म्हणून दिसते आणि ₹२९४ चं काहीच सापडत नाही.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते पॅडल, फास्टस्प्रिंग, लेमन स्क्वीझी अशा नावांपाशी. या कंपन्या स्वतः सॉफ्टवेअर बनवत नाहीत. पीडीएफ एडिटर, व्हीपीएन, फोटोशॉपचे प्लगइन, लिखाण सुधारणारी साधनं बनवणाऱ्या छोट्या परदेशी कंपन्यांच्या वतीने त्या विक्री करतात, कर भरतात, बिल पाठवतात. कायद्याच्या दृष्टीने विक्रेता त्याच. म्हणून स्टेटमेंटवर त्यांचं नाव पहिलं, आणि तुम्ही विकत घेतलेल्या साधनाचं नाव ताऱ्यापुढे, तेही अर्धवट तुटलेलं. पॅडलच्या पॅडल डॉट नेट या साइटवर ईमेल किंवा कार्डाची माहिती देऊन आपली खरेदी शोधता येते आणि तिथूनच सबस्क्रिप्शन बंदही करता येतं. कार्डाचे शेवटचे चार अंक देणं ठीक. पूर्ण नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी कुठेही मागितला तर ते पान बंद करा.

शहराच्या नावावर विसंबू नका. मुंबईत राहणाऱ्याला ओळीत ‘मुंबई’ दिसलं की वाटतं, इथल्याच एखाद्या दुकानात कार्ड घासलं गेलं. पण बिलडेस्क आणि सीसीॲव्हेन्यू ही पेमेंट गोळा करणारी मंडळी मुंबईचीच, आणि कित्येक परदेशी कंपन्यांच्या भारतीय उपकंपन्यांची कार्यालयं बीकेसीत किंवा लोअर परळला आहेत. ते शहर व्यापाऱ्याच्या नोंदणीचं असतं, तुम्ही बसला होता तिथलं नाही. उलट डब्लिन किंवा सिंगापूर दिसलं म्हणून कार्ड चोरीला गेलं असंही नाही. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची बिलिंग कार्यालयं तिथेच असतात.

ओळीची सुरुवात वाट सांगते

नाव कळो न कळो, ओळीच्या सुरुवातीची दोन-चार अक्षरं नीट बघा. प्रत्येक बँकेची पद्धत वेगळी, पण ढोबळ खुणा सारख्या आहेत.

‘यूपीआय’ असेल आणि सोबत ‘मँडेट’ किंवा ‘ऑटोपे’ असेल, तर एखाद्या यूपीआय ॲपमध्ये पिन टाकून तुम्ही परवानगी दिलेली आहे. ही सोय जुलै २०२० पासून आहे. ‘एसआय’ म्हणजे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन: कार्डावर दिलेली कायमची सूचना. ‘पीओएस’ किंवा ‘ईकॉम’ असेल तर कार्डाची सुटी खरेदी. ‘एसीएच’ किंवा ‘एनएसीएच’ दिसलं तर सॉफ्टवेअरचा विचार जवळजवळ सोडून द्या. ती वाट कर्जाचे हप्ते, एसआयपी आणि विम्याची आहे.

भारतीय कार्डावरच्या आणि यूपीआयवरच्या अशा कायमच्या परवानग्यांना रिझर्व्ह बँकेची ई-मँडेट चौकट लागू आहे. ती १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीने लागू झाली, आणि त्यातली एक तरतूद तुमच्या शोधात फार उपयोगाची आहे: पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना पाठवायची, आणि त्यात व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख, मँडेटचा संदर्भ आणि पैसे कशासाठी हे सांगायचं. म्हणजे ज्या तारखेला पैसे गेले त्याच्या एक-दोन दिवस आधीचे एसएमएस आणि मेल उघडा. बहुतेकांच्या फोनवर ती सूचना आलेली असते, जाहिरातींच्या गर्दीत न वाचता राहून गेलेली. स्टेटमेंटपेक्षा त्यातलं नाव हमखास जास्त स्पष्ट असतं.

ओटीपी आला नाही म्हणून फसवणूक झाली, हा तर्क इथे चालत नाही. मँडेट देताना एकदा ओटीपी किंवा पिन टाकला की पुढे ₹१५,००० पर्यंतच्या कपातीला पुन्हा विचारत नाहीत. (विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी ही मर्यादा १ लाख आहे.) याची दुसरी बाजू वास्तुविशारद, व्हिडिओ एडिटिंगवाले अशा छोट्या ऑफिसांनी लक्षात ठेवावी: वार्षिक लायसन्स ₹१५,००० च्या वर असेल तर दर नूतनीकरणाला मंजुरी लागते, आणि तो मेसेज ज्याच्या फोनवर जातो तो माणूस सुट्टीवर असला की सोमवारी सकाळी सॉफ्टवेअर उघडत नाही.

रक्कम बोलते, फक्त उलटं गणित करावं लागतं

नावापेक्षा रक्कम जास्त विश्वासू साक्षीदार आहे. ₹७५, ₹१३०, ₹२१९ अशा गोल नसलेल्या पण ठरावीक रकमा क्लाउड स्टोरेजच्या असतात: आयक्लाउडचा ५० जीबीचा प्लॅन ₹७५, २०० जीबीचा ₹२१९ या दराने मिळत आलाय, गूगल वनचा १०० जीबीचा ₹१३०. शेवटी ९९ असेल तर भारतीय बाजारासाठी ठरवलेली किंमत समजा. पण ₹२,०८८.८५ असा पैशांपर्यंतचा आकडा दिसला, की तो डॉलरमधून आलेला असणार.

समजा, सॉफ्टवेअरची जाहिरातीतली किंमत महिन्याला २० डॉलर आहे. भारतातल्या वैयक्तिक ग्राहकाला ऑनलाइन सेवा विकणाऱ्या परदेशी कंपनीला १८ टक्के जीएसटी लावावा लागतो, म्हणून बिल होतं २३.६० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर ₹२,००६. यावर बँक परकी चलनाचा मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याचं शुल्क, घेते. बऱ्याच कार्डांवर तो ३.५ टक्के असतो, म्हणजे ₹७०.२१. आणि त्या मार्कअपवर पुन्हा १८ टक्के जीएसटी, ₹१२.६४. एकूण ₹२,०८८.८५. वीस डॉलरचे सतराशे रुपये होतील असं मनात धरलेल्या माणसाला ही रक्कम अनोळखी वाटली तर नवल नाही.

उलट जायचं तर: रक्कम भागिले १.०४१३ केलं की मार्कअप आणि त्यावरचा कर निघून जातो. त्याला त्या दिवसाच्या डॉलरच्या दराने भागा, आणि आलेल्या आकड्याला १.१८ ने. उत्तर ९.९९, १२, २० असं काहीतरी ओळखीचं आलं तर तीच मूळ किंमत. थोडा फरक राहील, कारण दर खरेदीच्या दिवसाचा नसून व्यवहार पक्का होण्याच्या दिवसाचा लागतो. याच कारणाने तेच सबस्क्रिप्शन दर महिन्याला पाच-पंचवीस रुपयांनी वेगळं दिसतं. काही बँका मार्कअप वेगळ्या ओळीत दाखवतात, तेव्हा १.०४१३ चा भागाकार करू नका.

मोठ्या ओळीखाली वीस-पंचवीस रुपयांची एक किरकोळ ओळ असेल तर तीही याच कुळातली. परदेशी व्यापाऱ्याने रुपयांतच बिल लावलं, तरी अनेक बँका अशा व्यवहारावर सुमारे १ टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात. ₹१,९९९ वर ते ₹२३.५९ होतं. ही फसवणूक नाही, फक्त कार्डाच्या शुल्कपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेली गोष्ट आहे.

तारखेचंही असंच उलट गणित करा. मोफत चाचणी बहुधा ७, १४ किंवा ३० दिवसांची असते. १९ तारखेला पहिल्यांदा पैसे गेले असतील तर १२ तारीख, ५ तारीख आणि आदल्या महिन्याची १९-२० तारीख, या तीन दिवसांत फोनवर काय उतरवलं ते आठवा. मोठी एकरकमी ओळ असेल तर बरोबर वर्षापूर्वीचं स्टेटमेंट काढा. वार्षिक नूतनीकरण त्याच तारखेच्या एक-दोन दिवस मागेपुढे सापडतं. ३१ तारखेला सुरू झालेलं सबस्क्रिप्शन फेब्रुवारीत २८ ला कापलं जातं. आणि महिन्यात चार सारख्या ओळी असतील तर ते साप्ताहिक सबस्क्रिप्शन असू शकतं. फोटो सजवणारी आणि राशिभविष्याची ॲप्स हा प्रकार फार वापरतात, कारण आठवड्याची किंमत छोटी दिसते.

आता पावती शोधा

मेलमध्ये शोधताना इंग्रजीत ‘रिसीट’, ‘इन्व्हॉइस’, ‘ट्रायल’, ‘रिन्यूअल’ हे शब्द टाइप करा, आणि वर काढलेली मूळ किंमत वेगवेगळ्या प्रकारे: स्वल्पविरामासह, त्याशिवाय, शेवटी दोन शून्यं लावून. प्रमोशन्स आणि स्पॅम हे कप्पे वगळू नका. ज्यांच्याकडे तीन-चार मेल खाती आहेत त्यांनी सगळ्यांत शोधायचं. जुन्या नोकरीच्या मेलवरून घेतलेली चाचणी हे नेहमीचं कारण आहे, आणि तो मेल आता उघडतही नसतो.

पावती सापडली की तिच्यावरचा जीएसटी क्रमांक बघा. पहिले दोन अंक २७ असतील तर विक्रेता महाराष्ट्रात नोंदलेला. ९९ असतील तर परदेशातून ऑनलाइन सेवा विकणारा. परतावा कोणाकडे मागायचा हे इथे कळतं.

स्टोअरमधून झालेल्या खरेदीसाठी मेलपेक्षा फोन बरा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वरच्या प्रोफाइलच्या चित्रावर बोट ठेवा, ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ मध्ये जा आणि तिथे चालू-बंद सगळी सबस्क्रिप्शन्स बघा. फोनवर एकाहून अधिक गूगल खाती असतील तर खातं बदलून पुन्हा बघा. पहिल्या खात्यात काही दिसलं नाही म्हणून सोडून दिलेले शोध इथेच फसतात. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर जाऊन ‘सबस्क्रिप्शन्स’. ॲपलच्या रिपोर्ट अ प्रॉब्लेम या पानावर बिलानुसार खरेद्या दिसतात, त्यामुळे एकत्र झालेली रक्कम तिथे सुटी होते.

मग घरात विचारा, आणि विचारताना आरोपाच्या सुरात नको. कुटुंबाचं गट-खातं असेल तर मुलांच्या फोनवरच्या खरेद्या गट चालवणाऱ्याच्या खात्यातून जातात. आईवडिलांच्या फोनवर ‘फोन साफ करा’ म्हणणाऱ्या जाहिरातीवर बोट पडतं आणि तीन दिवसांची चाचणी सुरू होते. हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी आणि खजिनदार यांनी तर जरूर आठवावं: कोविडच्या काळात ऑनलाइन सर्वसाधारण सभेसाठी घेतलेला व्हिडिओ मीटिंगचा प्लॅन किंवा सोसायटीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर कोणाच्या कार्डावर लावलं होतं? कमिटी बदलली तरी कार्ड बदललेलं नसतं.

बंद करण्याचा क्रम

ॲप काढून टाकलं म्हणजे सबस्क्रिप्शन संपलं, असं होत नाही. फोन बदलला म्हणूनही नाही.

आधी जिथून विकत घेतलं तिथे बंद करा: स्टोअर, सॉफ्टवेअरची साइट, किंवा पॅडलसारखा विक्रेता. शेवटच्या पानापर्यंत जा. मध्ये ‘तीन महिने अर्ध्या किमतीत राहा’ अशी दोन-तीन पानं येतात आणि तिथेच लोकांना काम झाल्यासारखं वाटतं. रद्द झाल्याचा मेल आणि पडद्याचा फोटो, दोन्ही ठेवा. पुढे वाद झाला तर एवढाच पुरावा असतो. करारही एकदा वाचा. अडोबीचा ‘वार्षिक प्लॅन, मासिक बिल’ हा प्रकार घेतला असेल तर तो महिन्याचा करार नव्हे, वर्षाचा आहे. पहिल्या १४ दिवसांत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या ५० टक्के दंड.

त्यानंतर मँडेट, म्हणजे पैसे कापायची कायमची परवानगी, रद्द करा. यूपीआयसाठी ज्या ॲपमधून परवानगी दिली त्याच्या प्रोफाइलमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असतं. तिथून पिन टाकून रद्द होतं. आपण एका ॲपमध्ये शोधतो आणि मँडेट दुसऱ्यात असतं, म्हणून फोनवरची सगळी यूपीआय ॲप्स तपासा. त्याच यादीत प्रत्येक मँडेटची कमाल मर्यादा दिसते. ₹२ च्या चाचणीसाठी दिलेल्या मँडेटवर मर्यादा ₹५,००० असू शकते. पिन टाकायच्या पानावर ती लिहिलेली असतेच, वाचत कोणी नाही. कार्डावरची मँडेट बँकेच्या ॲपमध्ये ‘ई-मँडेट’ किंवा ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन’ या नावाखाली असतात. अनेक बँका त्यासाठी एसआय हब या पानावर नेतात. तिथे जाताना दुवा बँकेच्या साइटवरूनच घ्या. कपातीच्या आधीची सूचना आली असेल आणि वेळ हातात असेल, तर त्यातल्या दुव्यावरून तेवढा एक व्यवहार किंवा पूर्ण मँडेट नाकारायची सोय बँकेने द्यायलाच हवी.

क्रम उलटा का नको? नुसतं मँडेट रद्द केलं तर विक्रेत्याच्या लेखी तुम्ही ग्राहकच राहता. तो थकबाकीचे मेल पाठवत राहतो, आणि करार वार्षिक असेल तर त्याला तसं करायचा हक्कही असतो.

डॉलरमधली ओळ मँडेटच्या यादीत नसेल, तर विक्रेत्याने ती सुटी खरेदी म्हणून पाठवलेली असू शकते. परदेशी व्यापाऱ्याच्या व्यवहारात ओटीपी येईलच असं नाही. अशा वेळी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा ‘आंतरराष्ट्रीय वापर’ बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे हा स्विच प्रत्येक कार्डाला आहे, आणि ज्यांना रोज लागत नाही त्यांनी तो एरवीही बंदच ठेवलेला बरा.

परतावा आणि तक्रार

इथे एक फरक नीट ध्यानात घ्या. ‘मी हे केलंच नाही’ आणि ‘मी केलं होतं, पण मला आता नको होतं’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसऱ्या प्रकारची गोष्ट पहिल्या प्रकाराखाली नोंदवली, तर बँक मँडेटची नोंद काढते, ओटीपीची वेळ दाखवते आणि तक्रार बंद करते. नंतर खरी बाजू मांडणं अवघड जातं.

विसरलेल्या नूतनीकरणासाठी आधी विक्रेत्यालाच लिहा: व्यवहाराची तारीख, रक्कम, पावती क्रमांक, आणि नूतनीकरणानंतर सॉफ्टवेअर वापरलं नाही हे एक वाक्य. वार्षिक रक्कम नुकतीच कापली असेल तर बरेच विक्रेते परत करतात. प्ले स्टोअरवर पहिल्या ४८ तासांत परतावा मागणं सोपं. त्यानंतर ॲप बनवणाऱ्याकडे जावं लागतं. खरेदी घरात कोणीच केलेली नसेल तर गूगलकडे १२० दिवसांच्या आत कळवता येतं.

रद्द केल्याचा पुरावा असूनही पैसे कापले, तर कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे विक्रेत्याने घेतलेले पैसे बँकेमार्फत परत मागा. अर्जात ‘आवर्ती व्यवहार रद्द केल्यानंतर कपात’ असं स्पष्ट लिहा आणि रद्द झाल्याचा मेल जोडा. व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्ड नेटवर्कांच्या नियमांत बहुतेक वादांसाठी १२० दिवसांची मुदत असते. शाखेत ‘बघतो’ ऐकून थांबलात तर ती सरते.

व्यवहार खरोखरच तुमचा नसेल तर घड्याळ वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची अशा फसवणुकीत, सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. सूचना मिळाल्याचा दिवस धरत नाहीत, आणि कामाचे दिवस तुमच्या शाखेच्या वेळापत्रकाने मोजतात, म्हणजे दुसरा-चौथा शनिवार वगळून. चार ते सात दिवसांत कळवलं तर जबाबदारीला कमाल मर्यादा आहे, साध्या बचत खात्याला ₹१०,०००. पण सबस्क्रिप्शनची रक्कम त्या मर्यादेच्या आतलीच असते, त्यामुळे या दुसऱ्या टप्प्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. तीन दिवस चुकले की दोन हजार गेले समजा. तक्रार फोनवर केली तरी क्रमांक घ्या. बँकेने १० कामाच्या दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. क्रेडिट कार्डावर फसवणुकीचा वाद चालू असेपर्यंत त्या रकमेवर शुल्क लावता येत नाही; पण बिलाची बाकीची रक्कम वेळेत भरा.

याच वेळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. मुंबईत विभागवार सायबर पोलीस ठाणी आहेत, पण आधी १९३० ची नोंद असली की पुढचं काम लवकर हलतं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार करा. त्यासाठी फोर्टला रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत चकरा मारायची गरज नाही; कागदावरच्या तक्रारीही चंदीगडच्या केंद्रात जातात. बंद करायचं बटणच सापडत नाही, अशी विक्रेत्याविरुद्धची तक्रार असेल तर ती बँकेची नाही, ग्राहक हेल्पलाइनची: १९१५. ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ हा २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नाव घेऊन बंदी घातलेला प्रकार आहे.

या सगळ्यात नवा धोका एकच: कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून लावणं. शोधात वर येणारे कितीतरी ‘कस्टमर केअर’ नंबर चोरांचे असतात. तिकडचा माणूस परताव्यासाठी एनीडेस्कसारखं, तुमचा फोन दुरून बघू-चालवू देणारं ॲप उतरवायला सांगतो, किंवा पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआय पिन टाकायला सांगतो. पिन लागतो तो पैसे द्यायला, मँडेट द्यायला किंवा रद्द करायला, फार तर शिल्लक बघायला. पैसे येण्यासाठी कधीच लागत नाही. तसंच, अँटिव्हायरसचे ३९९ डॉलर कापले गेल्याचा मेल आला आणि स्टेटमेंटमध्ये अशी ओळच नसेल, तर ते बिल खोटं आहे आणि खालचा नंबर हाच सापळा. उत्तरसुद्धा देऊ नका.

परतावा मंजूर झाल्यावर कार्डावर दिसायला साधारण पाच ते दहा कामाचे दिवस लागतात. त्याहून जास्त झाले तर विक्रेत्याकडून २३ अंकी एआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मागा आणि तो बँकेला द्या. त्यावरून पैसे कुठे अडकलेत ते कळतं. डॉलरमधला परतावा त्या दिवसाच्या दराने येतो आणि मार्कअप बहुधा परत मिळत नाही, म्हणून ₹२,०८८ गेले तिथे ₹१,९९० आले तर पुन्हा तक्रार करत बसू नका.